शंकापेटीतली उत्तरं

इरफाननं माझ्या खांद्यांवर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माइकवर सांगितलं, "आज बाईंनी या खुर्चीवरून उठायचं नाही. चहा बघायचा नाही, खुर्च्या मोजायच्या नाहीत. आज बाई नुसत्या बसणार."

सभागृहात टाळ्या पडल्या. मी हात जोडले, हसले आणि बसले. मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत फोन होता. त्यावर नारळ ठेवला. आणखी अर्ध्या तासानं मला मागच्या चहाच्या खोलीत असायला हवं होतं, एकटीला, दार लोटून. त्याऐवजी मी व्यासपीठाच्या मधोमध टर्किश टॉवेल घातलेल्या खुर्चीवर बसले होते आणि साठ-सत्तर माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. सांगलीतल्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ही बैठक भरायची, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेदहाला. ती सुरू केली इरफान मुजावरनं. तो माझा विद्यार्थी, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला. त्याचं म्हणणं असं की आपल्या गावातही स्वतःचं काही उभं करणारी पोरं आहेत, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. कुणी ट्रकवाल्यांसाठी अ‍ॅप करतोय, कुणी यंत्रमागावर मोजणीचं यंत्र बसवतोय, आणि सगळे आपापल्या खोलीत डोकं धरून बसलेत. महिन्यातून एकदा एकमेकांसमोर बसले तर निम्मं दुखणं तिथंच कमी होईल.

वाचनालयाच्या समितीवर मी होते, म्हणून हॉल मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. हॉलपाठोपाठ खुर्च्या आल्या, चहा आला, नावं लिहायची वही आली. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी नुकतीच घरी बसले होते. मुलगा बंगळूरला, घरात मी एकटी. मला नाही म्हणायचं काही कारण नव्हतं.

बैठकीचा एकच नियम होता आणि तो माझ्यामुळं पडला होता. पहिल्याच बैठकीला एका गृहस्थानं पडद्यावर चाळीस मिनिटं रंगीत चित्रं दाखवली, आणि शेवटी निघालं की ती वस्तू अजून झालेलीच नाही. मी सहज बोलून गेले की माझ्या वर्गात ज्याचं गणित सुटलंय त्यानं फळ्यावर यायचं, जागेवर बसून 'सुटलं' म्हणायचं नाही. पोरांनी ते उचललं. तेव्हापासून जो दाखवायला येईल त्यानं आपली वस्तू समोर बसलेल्या कुणाच्या तरी हातात द्यायची, स्वतः दोन पावलं मागं सरायचं आणि हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. याला सगळे 'फळा' म्हणायचे. वस्तू चालली नाही तरी टाळ्या पडायच्या, पुढच्या महिन्यात परत ये म्हणून सांगायचे. तासगावच्या रेवती कोरेनं बेदाणे निवडायचं यंत्र आणलं होतं. पहिल्या वेळी त्यानं बेदाणे बाजूला टाकले आणि काड्या निवडून दिल्या. पोरांनी ते सगळे बेदाणे तिथंच खाल्ले. रेवती तीनदा फळ्यावर आली, तिसऱ्यांदा यंत्र चाललं. त्या बैठकीत हसं व्हायची भीती कुणाला नव्हती. फक्त नाही ते आहे म्हणायचं नाही, एवढंच होतं.

आणि त्या रविवारी मी तेच करणार होते.

सन्मती आवटी हाही माझाच विद्यार्थी. फेब्रुवारीत तो घरी आला. त्याला शंकापेटी काढायची होती. मुलांनी फोनवर गणितातली शंका लिहायची, आणि यंत्रानं दोन मिनिटांत मराठीत उत्तर द्यायचं, तेही मुलाला समजेल असं. गाइडमधलं उतरवून दिलेलं नको. खेड्यापाड्यातल्या ज्या मुलांना शिकवणी नाही, त्यांच्यासाठी. मला ती कल्पना फार आवडली. तो म्हणाला, "यंत्र व्हायला दहा दिवस लागतील बाई. तोवर शंका तुमच्या फोनवर येतील, तेवढी उत्तरं तुम्ही द्या की. मुलं बिचकू नयेत म्हणून यंत्रच उत्तर देतंय असं सांगतो."

दहा दिवसांचे आठ महिने झाले होते. रोज संध्याकाळी पाचला फोन वाजायला लागायचा, तो आठला थांबायचा. चाळीस मुलांची दीडशे झाली. बेडग, म्हैसाळ, कवलापूर, कुठली कुठली मुलं. मी जेवण चारलाच करून ठेवायची आणि पाचला टेबलाशी बसायची. हे सन्मतीला ठाऊक होतं आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही.

पुण्याहून मुग्धा दामले नावाच्या एक बाई त्या बैठकीला येणार होत्या. नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या एका संस्थेचं काम त्या बघायच्या. इरफाननं सन्मतीला न विचारताच त्याचं नाव यादीत शेवटी घातलं. शंकापेटीचं नाव तोवर गावात झालं होतं, आणि आपल्यातल्या एकाचं भलं व्हावं एवढाच इरफानचा हेतू होता. आदल्या दिवशी सन्मती माझ्याकडे आला, चपला न काढताच दारात उभा राहिला.

मी त्याला म्हटलं, नाव काढून घे. तो म्हणाला की कारण काय सांगू? मी म्हटलं, खरं सांग. तो म्हणाला, खरं सांगितलं तर आठ महिने दीडशे घरांना खोटं सांगितलं असं होईल, उद्याच पेटी बंद पडेल. मग त्यानं घाम पुसला आणि सांगितलं की फार नाही, चार-पाच शंका येतील, मी चहाच्या खोलीत बसून उत्तरं द्यायची, दहा मिनिटांचं काम.

"फळ्यावर खोटं बोलायचं, सन्मती?"

"उत्तरं तर खरी असतात ना, बाई."

तो आणखी काही बोलणार होता असं मला वाटलं, पण बोलला नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो गेला.

आता मी शाल पांघरून बसले होते. ऑक्टोबरची गरमी, वर एकच पंखा, आणि तोही पाहुण्यांच्या बाजूला फिरवलेला. बैठकीला दोन वर्षं झाली म्हणून माझा सत्कार करायचा हे पोरांनी आपसात ठरवलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. सत्काराच्या खुर्चीला कुलूप नसतं. पण तिथून उठणं किती अवघड असतं, हे त्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

मी प्रयत्न केला. एका मुलाचं बोलणं संपल्यावर अर्धवट उठले, तर इरफान लगबगीनं आला. "काय पाहिजे बाई?" मी म्हटलं, चहाकडे जरा बघून येते. तो म्हणाला, "बसा ओ. चहाला दोन पोरं ठेवलीत, साखरेचा डबासुद्धा सापडलाय त्यांना." पुढच्या रांगेतले हसले. थोड्या वेळानं पाणी प्यायचं निमित्त करून पुन्हा उठले, तर रेवतीनं धावत येऊन तांब्याच माझ्या शेजारी आणून ठेवला. मुग्धाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की त्यांच्या आईही अशाच, एका जागी बसवत नाही. मी मान डोलावली.

सन्मतीचं नाव पुकारलं गेलं. तो पुढं आला तेव्हा त्यानं चहाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग व्यासपीठाकडे. मी तिथं दिसले आणि त्याचा चेहरा उतरला. तरी तो बोलला. चांगलं बोलला. मग नियमाप्रमाणं फोन कुणाच्या हातात द्यायचा असा प्रश्न आला. रेवतीनं मागून सुचवलं, "झोयाला बोलवा की. तिला गणिताचं वावडं आहे, तिला कळलं तर सगळ्यांना कळेल."

झोया ही इरफानची मुलगी, सातवीतली. दोन वेण्या, हातात फोन, आणि जीभ दातांत धरून लिहायची सवय. तिनं लिहिलेलं मागच्या पडद्यावर दिसत होतं. दोन ऋण संख्यांचा गुणाकार केला तर उत्तर धन का येतं?

सन्मती दोन पावलं मागं सरला. हात पाठीमागं बांधले.

पिशवी थरथरली. मी शाल पुढं ओढली, दोन्ही हात आत घेतले, पिशवीतला फोन चाचपडून काढला. छत्तीस वर्षांत वर्गात कितीतरी मुलांना मी बाकाखाली चिठ्ठ्या लिहिताना पकडलं होतं. ती कशी बसतात, नजर कुठं ठेवतात, सगळं मला माहीत होतं. मी तशीच बसले. नजर समोर, अंगठा आत. चष्मा नव्हता, पण जेवढं लिहायचं तेवढं जमलं.

पडद्यावर उत्तर उमटलं. उभी राहा. पाठ फिरव. आता परत पाठ फिरव. तोंड कुठं आलं?

झोया उभी राहिली. भर सभागृहात गर्रकन पाठ फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तोंड पूर्वीच्याच बाजूला आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहायला मी एरवी कुठूनही चालत गेले असते. "हे कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मुग्धाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसरी शंका आली, तिचंही उत्तर गेलं. शालीच्या आत माझा हात घामानं भिजला होता. फोन वाजला की मी खोकायची.

मुग्धाबाई हळूच म्हणाल्या, "घरून फोन असेल तर घ्या ना, बाई. आम्हाला काही वाटणार नाही."

मी म्हटलं, मुलाचे निरोप आहेत, नंतर बघते.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मुग्धाबाई उभ्या राहिल्या आणि सन्मतीला म्हणाल्या की एक मूल विचारतंय ते छान झालं, आता इथल्या सगळ्यांनाच एकदम विचारू दे. उद्या हजार मुलं एका वेळी विचारतील, तेव्हा काय होतं ते पाहायचंय. सन्मती काय बोलणार? नियमच तसा होता, आणि तो नियम माझा होता. त्यानं नंबर पडद्यावर टाकला. साठ-सत्तर फोन वर झाले, माना खाली गेल्या.

पिशवीत जणू कोंबडी बांधून ठेवली होती. नारळ डुगडुगायला लागला, मी तो हातानं दाबून धरला. एका शंकेचं उत्तर लिहून होईस्तोवर बारा नव्या येत होत्या. दुसरं अर्धं लिहिलं आणि बोट चुकून सगळं पुसलं गेलं. पडद्यावर खालून वर शंका चढत होत्या, उत्तर एकही नव्हतं. एक मिनिट झालं. दोन झाली. कुणीतरी खुर्ची सरकवली.

सन्मती म्हणाला, "नेटवर्क असेल. इथलं नेटवर्क जरा कच्चं आहे."

हॉलमधलं नेटवर्क इरफाननं बसवलं होतं. स्वतः शिडीवर चढून, वायरी भिंतीवर ठोकून. त्यानं लगेच माइक ठेवला आणि मुग्धाबाईंना म्हणाला, "सॉरी मॅडम, चूक माझी आहे, याची नाही. दोन मिनिटं द्या." आणि व्यासपीठाच्या कडेला गुडघ्यांवर बसून तो वायरी काढून परत लावायला लागला. रविवारचा स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, कोपराला भिंतीचा चुना लागलेला. एक वायर लावायचा, मागं वळून पडद्याकडे बघायचा, आणि पुन्हा मान खाली. माझ्यापासून चार हातांवर.

"इरफान, ऊठ," मी म्हटलं. "तुझं नेटवर्क चांगलं आहे."

त्याला वाटलं मी धीर देते आहे. "बघतो ना बाई, होईल."

मी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली, नारळ खाली ठेवला आणि फोन वर धरला. तो अजून वाजत होता. पडद्यावर एक शंका चढली की माझ्या हातात घरघर व्हायची. पुढच्या रांगेतल्यांना आधी उमगलं, मग मागच्यांना. मी सांगितलं की यंत्र नाही, उत्तरं मी देते, फेब्रुवारीपासून.

मला वाटलं होतं आता माझ्यावर येईल. आलं ते सन्मतीवर. रेवती उभी राहून म्हणाली की आम्ही इथं तीन-तीनदा तोंडावर आपटलो, पण असलं नाही केलं. मागून कुणी म्हणालं, साठी उलटलेल्या बाईंना आठ महिने राबवून घेतलं आणि नाव यंत्राचं केलं. कुणी मला पाणी दिलं. एका मुलीनं शाल पुन्हा माझ्या खांद्यावर घातली, आणि तुमची यात काही चूक नाही बाई, असं माझ्या कानाशी म्हणाली. मुग्धाबाईंनी वही मिटून माझा हात हातात घेतला.

इरफान उठला. हात झटकले. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "सन्मती, तू सामान आवर. परत या बैठकीला येऊ नकोस. आणि बाईंच्या घरीही जाऊ नकोस."

सन्मती लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मागणं काही नव्हतं. मला वाटत होतं की तो आता बोलेल, आता बोलेल. बोलायला त्याच्याकडे एक गोष्ट होती. एका वाक्यात त्यानं सगळं सभागृह माझ्याकडे वळवलं असतं. तो वायर गुंडाळत राहिला. नीट, सारख्या वेढ्यांत, मी शाळेत दोरीचं वर्तुळ करायला शिकवायची तशी.

सगळे माझ्याकडे मायेनं बघत होते. ती माया अंगावर घेऊन मी घरी जाऊ शकत होते. कुणाला कधी कळलं नसतं.

"इरफान," मी म्हटलं, "याचं यंत्र जूनमध्येच तयार झालं होतं."

सन्मती मान वर न करता म्हणाला, "जाऊ द्या बाई."

"जाऊ द्या काय?" इरफान म्हणाला. "बाई, काय म्हणालात?"

मी सांगितलं. चार महिन्यांत मी मुलांना जी जी उत्तरं लिहिली, ती सगळी सन्मतीनं जमवली होती. नवी शंका आली की यंत्र त्यांतलं जवळचं उत्तर शोधायचं, लागेल तसं जुळवून द्यायचं. जूनच्या एका दुपारी त्यानं ते माझ्या टेबलावर चालवून दाखवलं. मी शंका विचारली आणि पडद्यावर माझंच वाक्य आलं. माझ्या पद्धतीचं, माझ्या उदाहरणाचं, आणि मी तर खुर्चीत नुसती बसले होते. मी त्याला म्हटलं, दोन दिवस ठेवून जा, तपासते. तपासलं, आणि त्याच्या हातात चुकांचा कागद दिला. सतरा चुका. म्हटलं, हे मुलांच्या हाती द्यायच्या लायकीचं नाही. मीच देते उत्तरं, अजून थोडे दिवस.

"मग बरोबरच केलंत की," रेवती म्हणाली. "चुकीचं यंत्र मुलांना कशाला द्यायचं?"

"खऱ्या चुका चार होत्या."

"आणि बाकीच्या तेरा?"

"त्या मी काढल्या. इथं हा शब्द नको, तिथं हे उदाहरण नको. पेपर तपासताना एखाद्याला नापासच करायचं ठरवलं की निघतात तशा."

पंख्याचा आवाज येत होता. इरफाननं विचारलं, "का पण, बाई?" अगदी सातवीतल्यासारखं विचारलं.

मला मोठं काही सांगता आलं नाही. मी म्हटलं, "पाच वाजले की फोन वाजायचा."

मुग्धाबाईंनी माझा हात कधी सोडला ते मला कळलं नाही. मी सन्मतीकडे वळले. म्हटलं, मला माफ कर, तुला मी चार महिने खोट्यात अडकवलं. तो वायर हातात धरून उभा होता.

"मला माहीत होतं, बाई," तो म्हणाला. "चार खऱ्या होत्या त्या मी त्याच आठवड्यात काढल्या. बाकीच्या तेरा मी दहादा वाचल्या. त्यांत काही नव्हतं."

"मग सुरू का नाही केलंस? माझी परवानगी कशाला पाहिजे होती तुला?"

तो ज्या नजरेनं बघत होता त्यावरून वाटलं, मी फारच सोपा प्रश्न विचारला.

"तुम्ही नको म्हणाला होता ना," तो म्हणाला.

मग झोया, जी इतका वेळ फोन हातात धरून तशीच उभी होती, बापाला म्हणाली की माझ्या तिसऱ्या शंकेचं उत्तर अजून आलंच नाही. दोघं-तिघं हसले. इरफाननं कपाळ चोळलं आणि सन्मतीला म्हणाला, "आहे का ते यंत्र तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव."

त्यानं गुंडाळलेली वायर उलगडली. दोनदा पासवर्ड चुकला. मग तो दोन पावलं मागं सरला आणि हात पाठीमागं बांधले. माझ्या हातातला फोन एकाएकी शांत झाला. पडद्यावर उत्तरं यायला लागली. एक, चार, दहा. माणसं आपापल्या फोनमध्ये वाकली. कुणी मोठ्यानं वाचत होतं. कुणी म्हणालं की माझं साफ चुकलंय, मी व्याज विचारलं आणि हे मला पेरू सांगतंय. हशा झाला. रेवतीनं शेजारच्याचा फोन ओढून बघितला आणि म्हणाली, "एवढं तर माझं यंत्र पहिल्या दिवशी नव्हतं चाललं."

मुग्धाबाईंनी तिथं काही शब्द दिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की दीडशे घरांना हे कधी सांगणार. सन्मती म्हणाला, आज. इरफान म्हणाला, आज सांग, आणि पुढच्या महिन्यात परत फळ्यावर ये, चुका कमी करून. कुणी टाळ्या सुरू केल्या नाहीत. इरफाननंच केल्या.

दुपारी त्यानं मला गाडीनं घरी सोडलं. दाराशी उतरताना म्हणाला, "पुढच्या बैठकीला खुर्च्या मांडायला याल ना?" मी म्हटलं, येईन. तो मान हलवून गेला. पुढं कित्येक वर्षं मी खुर्च्या मांडल्या. सन्मतीची पेटी स्वतःच्या पायावर उभी राहिली, हळूहळू, दुसऱ्या कुणाच्या पैशावर. तो अजून येतो. त्या रविवारबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाच्या संध्याकाळचं.

चारला मी सवयीनं जेवण करून ठेवलं. पाचला टेबलाशी बसले, चष्मा लावला, फोन समोर ठेवला. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. फोन वाजला नाही. दीडशे मुलं कुठंतरी लिहीत होती, आणि त्यांना उत्तरं मिळत होती.

पावणेसहाला मी पेटीचा नंबर काढला आणि एखाद्या मुलानं लिहावं तसं लिहिलं. सहाला शून्यानं भागलं तर उत्तर का येत नाही?

मिनिटभर गेलं नसेल. उत्तर आलं.

समज, तुझ्याकडे सहा पेरू आहेत. दोघांना वाटलेस, तर प्रत्येकाला तीन. एकालाच दिलेस, तर त्याला सहा. आता तुझ्याकडे पेरू सहाच आहेत, पण घ्यायला कुणीच आलेलं नाही. मग 'प्रत्येकाला किती' हे कुणासाठी मोजायचं? पेरू संपले असं नाही. मोजायला समोर माणूसच नाही. कळलं का?

ते मीच लिहिलेलं होतं, शब्द न् शब्द. फेब्रुवारी ते जूनच्या दरम्यान कधीतरी, कुण्या मुलाला. कुणाला, ते मी पुष्कळ आठवून पाहिलं, आठवलं नाही.

फोनचा उजेड दोनदा मंदावला, दोनदा मी तो परत लावला. मग खाली एकच शब्द लिहून पाठवला.

कळलं.